आपला माणूस आणि आप्त माणूस

पावसाळ्यात सलग आठ-दहा दिवस ढगाळ हवा राहिली आणि रिपरिप थांबली नाही, की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या, केळीवर हरण्या रोग दिसू लागतो. कोवळ्या पानांवर फिक्या पिवळ्या रेषा उमटतात, पाने आक्रसतात आणि पुढे पोगा, म्हणजे मधला कोंब, सडतो. शास्त्रज्ञ ज्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात तोच हा रोग. मावा कीड हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि एकदा रोपात शिरलेल्या विषाणूला मारणारे कोणतेही औषध नाही. रोगट रोप मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचे आणि माव्याचा बंदोबस्त करायचा, एवढेच हाती असते. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासमोर ‘सात दिवसांत हरण्या साफ’ असा दावा करणारी रील आली तर ती खोटी आहे हे ओळखायला त्याला क्षणभरही लागत नाही. पण ज्याला हे ठाऊक नाही आणि ज्याची हजारो रोपे शेतात पिवळी पडत आहेत, त्याला तो दावा तपासता येत नाही. म्हणून तो दावा करणाऱ्या माणसाकडे पाहतो. हा आपल्यातला वाटतो का, याचे बोलणे खरे वाटते का, याला किती लोक मानतात, एवढ्यावर तो निर्णय घेतो.

विश्वास या शब्दाचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे. वस्तू तपासता येत नाही, तेव्हा आपण माणूस तपासतो. समाजमाध्यमांवर लाखो लोक ज्यांना फॉलो करतात त्यांना इन्फ्लुएन्सर म्हणतात. आपल्याकडे रीलस्टार किंवा युट्यूबर हे शब्द अधिक रूढ आहेत. त्यांचा सगळा व्यवसाय या माणूस तपासण्याच्या सवयीवर उभा आहे. त्यामुळे ही तपासणी नेमकी कशी होते आणि ती कुठे चुकते, हे समजून घेणे फॉलो करणाऱ्यांना आवश्यक आहे, आणि माझ्या मते स्वतः रीलस्टारांना तर त्याहून अधिक आवश्यक आहे.

खानदेशात ही तपासणी नवी नाही. लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात गेल्याचे मला आठवते. गोऱ्हा आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, म्हणजे त्याचे वय किती, हे पाहण्यासाठी वडील त्याचे तोंड उघडून दात पाहत, मग त्याला चालवून पाहत आणि खांद्यावर हात फिरवत. शेजारी उभा असलेला दलाल त्या वेळी बैलाची स्तुती करत असे, आणि वडील ती शांतपणे ऐकून घेत. दलालावर त्यांचा राग नव्हता. सौदा झाला की त्याला दलाली मिळणार आहे हे त्यांना माहीत होते, त्यालाही माहीत होते आणि बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होते. त्याच्या स्तुतीतून किती वजा करायचे, याचा हिशेब त्यामुळे ऐकता ऐकताच होत असे. मोबाइलच्या पडद्यावर नेमकी हीच गोष्ट हरवते. बोलणारा या वेळी दलाल म्हणून उभा आहे की गावातला जाणता माणूस म्हणून, हे आपल्याला दिसत नाही, आणि पुष्कळदा ते दिसू नये अशीच मांडणी केलेली असते.

कोणाचे बोलणे प्रमाण मानावे, या प्रश्नाचा आपल्या परंपरेत फार बारकाईने विचार झालेला आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, ‘आप्तोपदेशः शब्दः’ असे सूत्र आहे. आप्ताने सांगितलेले ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगे वचन, असा त्याचा अर्थ. मग आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनाने दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ज्याने ती गोष्ट स्वतः प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच इतरांना कळावी या इच्छेने जो सांगतो, तो आप्त. म्हणजे अटी दोन आहेत, जाणणे आणि जसेच्या तसे सांगण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तो पुढे म्हणतो. सांगणारा आपल्या जातीचा, गावाचा किंवा भाषेचा असला पाहिजे, अशी अट त्याने घातलेली नाही.

मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात सरकला. आज लग्नपत्रिकेत आपण ‘आप्तेष्टांसह अगत्य येण्याचे करावे’ असे छापतो, तेव्हा आप्त म्हणजे नातेवाईक, जवळचा माणूस. समाजमाध्यमांवरील विश्वासाचा घोळ मला या दोन अर्थांमध्येच दिसतो. रोज दिसणारा, आपल्या बोलीत बोलणारा रीलस्टार दुसऱ्या अर्थाने आपला आप्त होतो आणि पहिल्या अर्थाच्या आप्ताचा मान आपण त्याला न विचारताच देऊन टाकतो.

आधुनिक संशोधनही याच वाटेने गेले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. मजकूर शब्दशः तोच, फक्त स्रोताचे नाव वेगळे. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी शक्य आहे का, या विषयावरचा लेख काहींना भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या नावाने दिला आणि काहींना सोव्हिएत वृत्तपत्र प्रावदाच्या नावाने. विश्वसनीय नावाने आलेल्या मजकुराने अधिक लोकांचे मत बदलले. इतकेच नव्हे, तर तोच मजकूर अविश्वसनीय नावाने आला तेव्हा वाचकांना त्याची मांडणीसुद्धा कमी न्याय्य वाटली. या प्रकारच्या अभ्यासांतून विश्वासार्हतेचे दोन आधार पुढे आले, जाणकारी आणि प्रामाणिकपणा. वात्स्यायनाच्या दोन अटींशी त्यांचे साम्य पाहून मला आजही नवल वाटते. जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे त्यांत आकर्षकपणा हा तिसरा आधार जोडला. रूबिना ओहानियन यांनी 1990 मध्ये या तिन्हींचे मोजमाप करणारी जी प्रश्नावली मांडली, ती पुढे प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहिरातींच्या अभ्यासात फार वापरली गेली.

एक गोष्ट मात्र या तिन्हींत पूर्णपणे बसत नाही, ती म्हणजे जवळीक. 1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन समाजशास्त्रज्ञांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक निरीक्षण नोंदवले. पडद्यावरचा निवेदक थेट डोळ्यांत पाहून, गप्पा मारल्यासारखा बोलतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याच्याशी आपले खरेखुरे नाते आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात हे नाते एकतर्फी असते. प्रेक्षक त्याला ओळखतो, तो प्रेक्षकाला ओळखत नाही. दूरचित्रवाणीवरचा निवेदक निदान ठरावीक वेळी येत असे. रीलस्टार मात्र आपण पहाटे पाण्याची मोटार चालू करायला गेल्यापासून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत हातातल्या फोनवर असतो, घरातली चूल दाखवतो, मुलाचे बारसे दाखवतो, आईच्या आजारपणात रडतो, आणि आपल्या एखाद्या कमेंटला उत्तरही देतो.

त्यात तो अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, बोलत असेल तर अंतर जवळजवळ उरतच नाही. ज्या भाषेत शाळेत उत्तर देण्याची सोय नव्हती आणि जिच्यामुळे शहरात हिणवले गेले, तीच भाषा पडद्यावर सन्मानाने ऐकू येते. ‘राम राम मंडयी’ एवढे शब्द कानावर पडले किंवा जळगावला कोणी ‘जयगाव’ म्हणाले, की पुण्या-सुरतेला पोटासाठी गेलेल्या माणसाचा जीव हलतो. हे मी कौतुकाने लिहितो आहे. बोलीला मिळालेला हा मान खरा आहे आणि तो मिळवून देणाऱ्या पोरांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु जी जवळीक गाण्यासाठी, विनोदासाठी, घरच्या भरीत-भाकरीच्या व्हिडिओसाठी मिळाली, तिच्याच बळावर पुढच्या महिन्यात सांधेदुखीचे तेल, कपाशीचे टॉनिक किंवा शेअर बाजाराचा कोर्स विकला जातो, तेव्हा जवळीक जाणकारीच्या जागी बसवलेली असते. भरीत उत्तम करणाऱ्या ताईंना सांध्यांचे शास्त्र कळत असेलच असे नाही.

आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत समजून घेण्यासारखे फार नाही. फॉलोअर विकत मिळतात, लाइक विकत मिळतात आणि काही गट एकमेकांच्या पोस्टवर ठरवून कमेंट करतात. व्हिडिओ किती जणांपर्यंत न्यायचा हे ठरवणारी यंत्रणा लोक तो किती वेळ पाहतात, किती पुढे पाठवतात अशा खुणा मोजते. दाव्याचा खरेखोटेपणा ती मोजत नाही. शिवाय नोव्हेंबर 2021 पासून युट्यूबने नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दाखवणे बंद केले. फसलेल्या लोकांची संख्या एका नजरेत दिसण्याची जी थोडीफार सोय होती, तीही त्यामुळे गेली.

खरा गुंता पैशाचा आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवण्यासाठी 1985 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने, 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले. मोबदला घेतलेला असेल तर पोस्टवर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही सूचना किमान तीन सेकंद दिसली पाहिजे, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओत त्याच्या एक-तृतीयांश वेळ दिसली पाहिजे, आणि दोन मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत त्या उत्पादनाविषयी बोलणे चालू असेपर्यंत राहिली पाहिजे. ही संस्था सरकारी नाही. सरकारी बळ ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधून येते. त्या कायद्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करणाऱ्या व्यक्तीला एक वर्षापर्यंत, आणि पुन्हा चूक केल्यास तीन वर्षांपर्यंत, कोणत्याही उत्पादनाची शिफारस करण्यास ते मनाई करू शकते.

जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने याविषयी एक मार्गदर्शिकाही काढली. मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे, हे तिच्यात स्पष्ट आहे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातील मुक्काम, त्या कंपनीतील हिस्सा किंवा तिच्याशी असलेले कौटुंबिक अथवा नोकरीचे नाते, यांपैकी काहीही असले तरी ते सांगावे लागते. सूचना हॅशटॅगच्या गर्दीत लपवायची नाही, आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती द्यायची. हा शेवटचा मुद्दा खानदेशासाठी फार महत्त्वाचा आहे. सगळा व्हिडिओ अहिराणीत आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक इंग्रजी शब्द, असे मी कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. ज्यांना तो वाचता येत नाही तीच माणसे त्या व्हिडिओचा मुख्य प्रेक्षक असतात.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या 2022 च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत याहून खोल अशी एक अट आहे. शिफारस ही करणाऱ्याचे प्रामाणिक मत असले पाहिजे आणि त्या वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असली पाहिजे. प्रत्यक्ष जाणणे आणि जसे जाणले तसे सांगणे, या आप्ताच्या दोन अटी आज भारतातील कायद्याच्या भाषेत उभ्या आहेत.

तथापि ‘ही जाहिरात आहे’ असे सांगितले म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नये. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना नाण्यांनी भरलेली बरणी लांबून दाखवून तिच्यात किती पैसे असतील याचा अंदाज करायला सांगितले. ज्यांनी बरणी जवळून पाहिली होती ते सल्लागार त्यांना सल्ला देत. अंदाज जितका जास्त येईल तितके काही सल्लागारांना अधिक पैसे मिळणार होते. हा हितसंबंध उघड केल्यावर सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला, आणि ऐकणाऱ्यांनी पुरेसे वजा केले नाही. सांगून टाकले की आपण मोकळे झालो, असे सांगणाऱ्याला वाटते. आणि इतके उघडपणे सांगतो आहे म्हणजे प्रामाणिक असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. ‘मंडळी, मी खोटे बोलणार नाही, हे पेड प्रमोशन आहे’ या वाक्यानंतर जे येते, ते म्हणूनच जास्त लक्ष देऊन ऐकले पाहिजे.

येलच्या प्रयोगाचा उत्तरार्धही येथे उपयोगी आहे. चार आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारले, तेव्हा विश्वसनीय आणि अविश्वसनीय स्रोतांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. मजकूर मनात राहिला होता आणि तो कोणी सांगितला हे मागे पडले होते. जूनमध्ये रीलवर ऐकलेले टॉनिकचे नाव ऑगस्टमध्ये कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तोंडी येते ते असेच. त्या वेळी ‘याचा परिणाम चांगला आहे म्हणे’ एवढेच आठवते. ते जाहिरातीत ऐकले होते हे आठवत नाही. मात्र पुढच्या एका प्रयोगात असे दिसले, की स्रोताची आठवण करून दिली तर तो फरक परत येतो. खरेदीआधी ‘हे मी कोणाकडून ऐकले?’ असे स्वतःला विचारण्याचा उपयोग त्यामुळे खरोखर होतो.

रीलस्टार एकमेकांनाही विश्वास उसना देतात, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. दोघांनी मिळून केलेल्या व्हिडिओला कोलॅब म्हणतात. एकाच्या शब्दावर त्याचे फॉलोअर दुसऱ्याला मानू लागतात. गावात आपण कोणाला जामीन राहतो, तेव्हा त्याने पैसे बुडवले तर ते आपल्या अंगावर येतात, म्हणून दहा वेळा विचार करतो. कोलॅबमध्ये तसे काही अंगावर येत नाही. पुढच्याने फसवले तर व्हिडिओ गुपचूप काढून टाकता येतो. आणि आता तर चेहरा दिसला म्हणजे तो माणूस बोलला, असेही उरलेले नाही. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांना एका गेमिंग ॲपची भलामण करणारा आपला व्हिडिओ बनावट असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले होते.

पैशाच्या सल्ल्याबाबत तपासणी सर्वांत सोपी आहे. गुंतवणूक सल्ला देणाऱ्याची सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी आणि संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. ‘मी फक्त शिकवतो’ असे म्हणणाऱ्यांसाठीही जानेवारी 2025 मध्ये सेबीने स्पष्ट केले, की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतील शेअरच्या भावांचा आधार घेऊन बोलायचे नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांबाबत 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात त्यांच्या जाहिरातीवरही बंदी आहे, आणि ती मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावाकडच्या रीलस्टारांपर्यंत हा पैसा किती सहज पोहोचत होता हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या पायी घरे बसली, हेही पाहिले आहे.

शेतीच्या औषधांसाठी अशी एक खूण डब्यावरच असते. कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीसाठी ते औषध नोंदलेले आहे, हे लेबलवर लिहावे लागते. त्यालाच लेबल क्लेम म्हणतात. रीलमध्ये सांगितलेले पीक लेबलवर नसेल, तर सांगणारा कितीही गोड बोलत असला तरी त्याच्या शिफारशीला आधार नाही. टॉनिक म्हणून विकल्या जाणाऱ्या जैव-उत्तेजकांनाही 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणले आहे. मनात शंका असेल तर पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात फोटो दाखवून विचारता येते. तिथला शास्त्रज्ञ कदाचित अहिराणी बोलणार नाही, त्याच्या बोलण्यात गोडवाही नसेल. पण हरण्याची रोपे उपटा, हे मन दुखावणारे खरे तो सांगेल. जळगावच्या सोन्याच्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, तरीही 1 एप्रिल 2023 पासून तिथेही हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असावीच लागते आणि ग्राहक ती भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासतो. त्यामुळे कोणा सराफाचा अपमान झाला, असे मी अद्याप ऐकलेले नाही.

मग चांगला रीलस्टार कसा ओळखावा? मला जे भरवशाचे वाटतात त्यांच्यात काही गोष्टी वारंवार दिसतात. कपाशीवर काही फवारले तर ते न फवारलेल्या ओळीही दाखवतात, आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी थांबत नाहीत; पाते लागताना, बोंडे धरताना आणि वेचणीच्या वेळीही त्याच शेतात परत येतात. फसले तर फसले म्हणतात आणि जुना चुकीचा व्हिडिओ दुरुस्तीसह ठेवतात. एखाद्या प्रश्नाला ‘हे मला माहीत नाही, कृषी अधिकाऱ्यांना विचारा’ असे उत्तर देतात. टीकेच्या कमेंट पुसत नाहीत. यामुळे त्यांचे व्ह्यूज कमी होतात आणि काही जाहिरातीही जातात, हे मी जाणतो. घर चालवण्यासाठी जाहिरात घेणे हा गुन्हा नाही, आणि पंचवीस वर्षांच्या मुलासमोर एका रीलसाठी बापाच्या वर्षाच्या कमाईइतकी रक्कम ठेवली जाते, तेव्हा नाही म्हणणे किती कठीण असेल याची कल्पना करता येते. म्हणूनच जे नाही म्हणतात त्यांच्या व्हिडिओखाली त्याबद्दल कौतुकाचे दोन शब्द लिहायला आपण विसरू नये.

आणि फसवणूक झालीच, तर तक्रार करायला लाजू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे मराठीत बोलता येते. फोन करण्याआधी त्या रीलचा स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, पाहिल्याची तारीख, खरेदीची पावती आणि औषधाचा रिकामा डबा जपून ठेवावा. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते, त्यामुळे तिचा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा.